सुट्टीनंतरचे पहिले चार आठवडे: ऑफ सीझनचा व्यायाम अंगावर येऊ नये म्हणून

जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा फुटबॉल संघ सुमारे तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून जिममध्ये परतला. कामगिरी साधी होती. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं त्याच्या निम्मं खांद्यावर घ्यायचं आणि शंभर स्क्वॉट मारायचे, तेही घड्याळ लावून. पुढच्या काही दिवसांत त्या संघातले १३ खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. सगळ्यांना एकच आजार होता, रॅब्डोमायोलिसिस. त्यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं ती गाळता गाळता कोलमडू शकतात. जानेवारी २०१७ मध्ये ओरेगॉन विद्यापीठाचे तीन खेळाडू अशाच कारणाने दाखल झाले. तेही सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात.

ही पोरं अशक्त नव्हती आणि प्रशिक्षकही समोर उभे होते. तोच व्यायाम महिनाभराने घेतला असता तर बहुधा काही झालं नसतं. चूक व्यायामापेक्षा तारखेत होती.

आपल्याकडे ही तारीख जूनमध्ये येते. एप्रिल-मे परीक्षेत आणि गावी जातो, कॉलेज उघडतं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर असतात आणि पहिल्याच सोमवारी सर म्हणतात, "चला, बघू कोणी काय केलंय सुट्टीत." घात तिथे होतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले दोन टप्पे गाळून थेट तिसऱ्यावर जाणारे जास्त असतात, म्हणून ते दोन जरा लांबवले आहेत.

## टप्पा १: सुट्टीचा खरा हिशेब मांडा

व्यायामाची वही उघडायच्या आधी प्रत्येक खेळाडूने पाच गोष्टी लिहून द्यायच्या. तोंडी विचारलं तर सगळे "चालू होतं सर" म्हणतात, म्हणून कागदावर घ्या.

१. सलग किती दिवस व्यायाम बंद होता? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असेल तर टप्पा ३ मधला, आठवड्यागणिक व्यायाम वाढवायचा चढ लागू होतो. मधूनमधून गल्लीत खेळलेलं क्रिकेट धरू नका.

२. गेल्या महिन्यात ताप, जुलाब, कावीळ, डेंग्यू, टायफॉइड यांपैकी काही झालं का? तापातून उठलेल्याला संघाबरोबर सुरू करू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्याचा पहिला आठवडा वेगळा धरा.

३. पूर्वी कधी ऊन लागून पडला होता का, किंवा व्यायामानंतर लघवी गडद झाली होती का? एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो.

४. काय घेतोय? क्रिएटिन, प्री-वर्कआउट पावडर, वजन उतरवायच्या गोळ्या, सर्दीची औषधं, सगळं लिहायचं. प्री-वर्कआउटमध्ये बहुतेक वेळा भरपूर कॅफिन असतं. त्याने थकवा जाणवत नाही, म्हणजे थांबायची सूचनाच बंद होते.

५. सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का?

पाचवा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ कुणीच विचारत नाही. महाराष्ट्रात तो तर सगळ्यांत आधी विचारायला हवा. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यांत सिकलसेलचा जनुक बऱ्याच कुटुंबांत आढळतो आणि धावण्यात, खो-खोत, कबड्डीत तिथून चांगली पोरं येतात. ज्यांना आजार नाही पण एक जनुक आहे त्यांना वाहक म्हणतात. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, उत्तम खेळतो. पण जोरात, लागोपाठ, विश्रांतीशिवाय पळवलं की त्याच्या लाल रक्तपेशी वाकड्या होऊन अडकू शकतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड असाच सरावात कोसळून गेला. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सर्वोच्च श्रेणीच्या खेळाडूंसाठी ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी होते. वाहक निघाला म्हणून कुणाला संघातून काढायचं नाही. त्याला स्वतःच्या गतीने चढू द्यायचं आणि दोन धावांमध्ये हवी तेवढी विश्रांती द्यायची. तपासणीच्या निकालाचं कार्ड नुसतं सरांच्या कपाटात नको, निकाल खेळाडूला स्वतःला पाठ हवा.

तपासा: पाचही उत्तरं आल्याशिवाय शिट्टी वाजवू नका. ज्याचा कागद आला नाही तो त्या दिवशी फक्त चालेल.

## टप्पा २: मैदानाची तयारी, आणि त्यात बर्फ

प्रथमोपचार पेटी म्हणजे आयोडिन आणि क्रेप बँडेज, एवढीच आपली कल्पना असते. कठीण व्यायामाने जीव जातो तो ना खरचटण्याने, ना मुरगळण्याने. तो उष्माघाताने जातो, हृदय बंद पडून जातो, नाहीतर सिकलसेलमुळे. त्यामुळे तयारीही त्यांचीच हवी.

ताडपत्री, दोन ड्रम पाणी आणि बर्फ. इतकं पुरतं. उष्माघात झालेल्याला ताडपत्रीवर निजवायचं, कडा चौघांनी उचलून धरायच्या, आत बर्फाचं पाणी ओतायचं आणि ते हलवत राहायचं. डोकं पाण्याच्या वर. बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणून थर्माकोलच्या पेटीत ठेवली तर सकाळचं सत्र निघतं. खर्च एका क्रिकेट चेंडूहून फार जास्त येत नाही.

मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावात कोसळला. तोही ऑफ सीझनच होता. त्या दिवशी ११० यार्डांच्या, म्हणजे साधारण शंभर मीटरच्या दहा धावा होत्या. त्याला वेळेत थंड पाण्यात बुडवलं गेलं नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाने पुढे जाहीरपणे जबाबदारी घेतली. बर्फाच्या पाण्याचा उपाय माहीत होता, साधनसामग्रीची वानवा नव्हती, तरी घडलं. म्हणून ताडपत्री स्टोअररूममध्ये कुलुपात नको, मैदानाच्या कडेला अंथरलेली हवी.

वेळ ठरवतानाही गल्लत होते. विदर्भात मे-जूनचं कोरडं ऊन सगळ्यांना दिसतं, म्हणून तिथले सर पहाटे बोलावतात. मुंबईत आणि कोकणात पारा ३३ च्या आसपास असतो म्हणून दहा वाजताही सराव चालतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे बळी गेले, ते अशाच दिवसांत. उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. गावी पंख्याखाली काढलेली सुट्टी त्यात धरायची नाही.

शेवटी दोन नावं ठरवा. १०८ ला फोन कोण करणार आणि रुग्णवाहिकेला फाटकावरून आत कोण आणणार. फाटकाची चावी कुणाकडे असते तेही बघून ठेवा. ऐन वेळी वॉचमन चहाला गेलेला असतो.

## टप्पा ३: धावण्याचा चढ

अमेरिकेतल्या ताकद-प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये मिळून एक नियम मांडला. लक्षात ठेवायला सोपा आहे: ५०, ३०, २०, १०. तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यांत मोठं सत्र घ्यायचं आणि पहिल्या आठवड्यात त्यातून निदान ५० टक्के कापायचे, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. जुन्या, सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूंना पहिले दोन आठवडे पुरतात. नवीन दाखल झालेल्यांना चारही लागतात. अकरावीत आलेलं पोर, दुसऱ्या कॉलेजातून आलेला पैलवान, नवीन प्रशिक्षकाच्या हाताखाली गेलेला सगळा संघ, हे सगळे नवीनच.

आकड्यात बघू. समजा तुमचं मोठं सत्र ४०० मीटरच्या ८ फेऱ्यांचं आहे, एकूण ३२०० मीटर.

- पहिला आठवडा: ४ फेऱ्या
- दुसरा: ५ फेऱ्या
- तिसरा: ६ फेऱ्या
- चौथा: ७ फेऱ्या

पूर्ण आठ फेऱ्या पाचव्या आठवड्यात येतात. दुसऱ्या आठवड्यात हिशेबाने ५.६ फेऱ्या निघतात. वर नका धरू, पाचच धरा.

फेऱ्या कापल्या पण विश्रांतीही कापली, तर सगळं मुसळ केरात. पहिल्या आठवड्यात जितका वेळ धावलात त्याच्या चौपट विश्रांती: १५ सेकंदांची स्प्रिंट असेल तर ६० सेकंद थांबा. दुसऱ्या आठवड्यात तिप्पट, म्हणजे ४५ सेकंद. दिवसही मोजून: पहिल्या आठवड्यात जास्तीत जास्त तीन सत्रं, दुसऱ्यात चार.

सावधान: पहिल्या दिवशी फिटनेस टेस्ट घेऊ नका. बीप टेस्ट, कूपर टेस्ट, "१६०० मीटर किती मिनिटांत काढतोस बघू", सगळं पुढे ढकला. टेस्टमध्ये कुणी मागे राहायला तयार नसतो. संघातली जागा पणाला लागलेली असते, आणि सगळ्यांत जास्त ताकद लावतो तो सगळ्यांत कमी तयारी असलेला.

मनाला एप्रिलमधला वेग आठवत असतो. दम थोड्या दिवसांत परत येतो, त्यामुळे आठव्या-दहाव्या दिवशी सगळं जुळून आल्यासारखं वाटतं. स्नायूंची मार सोसायची सवय मात्र अजून आलेली नसते. उड्या मारायची खुमखुमी नेमकी तेव्हा येते.

## टप्पा ४: वजनं, बैठका आणि उतार

टप्पा ३ मधला नियम ज्या दस्तऐवजात आहे, त्यातच जिमसाठी एक गुणाकार आहे. सेट गुणिले आवर्तनं गुणिले वजनाचा वाटा. वाटा म्हणजे कमाल वजनाच्या किती टक्के, दशांशात. एका सत्रातल्या एका व्यायामाचं उत्तर ३० च्या आत हवं.

पाच-पाचचे पाच सेट, ७० टक्के वजनाने: ५ × ५ × ०.७ = १७.५. ठीक. दहाचे चार सेट, ६० टक्क्यांनी: २४. चालेल. आता आयोवाचे शंभर स्क्वॉट ५० टक्क्यांनी: १ × १०० × ०.५ = ५०. वजन निम्मंच होतं म्हणून कुणाला भीती वाटली नाही. इथेच फसगत होते: वजन हलकं दिसतं, आवर्तनं मोजायचं कुणी मनावर घेत नाही.

बिनवजनाच्या बैठकांना हा गुणाकार नीट लागत नाही, पण तिथेही तेच होतं. तालमीतले पैलवान हजार बैठका मारतात असं सांगून कॉलेजच्या पोरांना पहिल्या दिवशी तीनशेला बसवणारे सर मी पाहिलेत. तालमीत तो आकडा वर्षानुवर्षं चढवलेला असतो, आणि जाणता वस्ताद आजारातून उठलेल्या पठ्ठ्याला आखाड्यात उतरवायच्या आधी काही दिवस नुसती माती उकरायला लावतो. आकडा उचलला, रीत मागेच राहिली.

स्नायू सगळ्यांत जास्त फाटतो तो ताणला जात असताना भार झेलताना. बैठकीत खाली जाताना, पुल-अपमधून सावकाश उतरताना, उंचावरून उडी घेतल्यावर. सिंहगड चढताना दम निघतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. पर्वतीच्या पायऱ्यांचंही तेच. म्हणून पहिले दोन आठवडे चढ पळा आणि उतार चाला. जिना पळत उतरायचा नाही, खोक्यावरून खाली उडी मारायची नाही. या आठवड्यात वीस बैठका केल्यात तर पुढच्या आठवड्यात पन्नास कमी दुखतात. शरीर थोड्याशा डोसातही शिकतं आणि ते काही आठवडे लक्षात ठेवतं.

सावधान: शिक्षा म्हणून व्यायाम नको. उशिरा आला, मॅच हरली, मोबाईल वाजला म्हणून शंभर उठाबशा, ही सवय शाळेपासून अंगवळणी पडलेली असते. शिक्षेत आकडा रागावर ठरतो, तयारीवर नाही. शिवाय शिक्षा भोगणारा "जमत नाही" म्हणूच शकत नाही. दंडच करायचा तर मैदान झाडायला लावा, जाळी बांधायला लावा.

## टप्पा ५: सराव चालू असताना

दर दहा मिनिटांनी चेहरे बघा. पुढे पळणाऱ्यांचे नव्हे, मागे पडलेल्यांचे. खालच्यापैकी काही दिसलं की त्याचा त्या दिवसाचा सराव संपला.

- बोलण्यात गोंधळ, चिडचिड, पाय अडखळणं. वार कोणता, समोरचा कोण, हे विचारा. उत्तर चुकलं तर उष्माघात धरून चला. अंग कोरडं पडायची वाट बघू नका, व्यायामातल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. कपाळाला हात लावून किंवा काखेत थर्मामीटर घालूनही खरा ताप कळत नाही.
- पाय कापसासारखे झाले म्हणून खाली बसला, पण नीट बोलतोय. गोळा आला की माणूस ओरडतो आणि पोटरी दगडासारखी लागते. सिकलसेलच्या वाहकाचे पाय मऊ असतात, ताकदच जाते, आणि हे पहिल्या काही धावांतच होऊ शकतं. "नाटक करू नकोस, उठ" हे वाक्य इथे जीव घेऊ शकतं. त्याला निजवा आणि १०८ लावा.
- धाडकन कोसळला, हाकेला ओ नाही. उष्माघात की आणखी काही, हा विचार नंतर. श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायला लागा, आणि दुसऱ्याला फोन करू द्या.

उष्माघाताचा क्रम उलटा करू नका. आधी थंड करा, मग हलवा. रिक्षात घालून दवाखान्याकडे पळवण्यात जी वीस मिनिटं जातात तीच सगळ्यांत महागाची असतात. ताडपत्रीवर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि रुग्णवाहिका तिथेच येऊ द्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाण्याबद्दल थोडक्यात: सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोच्या खेळाडूचं सव्वा किलोच्या आसपास घटलं तर तो कमी पितोय. वाढलं तर गरजेपेक्षा जास्त पितोय, आणि तेही धोक्याचं.

उपवासाच्या दिवशी कठीण सत्र ठेवू नका. नवरात्रात आणि रमजानमध्ये हे पाळणं फार अवघड नाही, आधी विचारलं तर. मुली उपवास असल्याचं सहसा सांगत नाहीत. पाळी दोन-तीन महिने आली नसेल तर तेही सांगत नाहीत. तो व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडल्याचा इशारा असू शकतो, म्हणून एखाद्या मॅडमनी वेगळं विचारायला हवं.

## टप्पा ६: घरी गेल्यावरचे तीन दिवस

बहुतेक लोक सराव संपला की धोका संपला असं धरतात. रॅब्डो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला रॅब्डोमायोलिसिस, मात्र सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतो, कधीकधी खेळाडू होस्टेलच्या खोलीत एकटा असताना.

साधं अंगदुखणं आणि हे यांत फरक असा. साध्या दुखण्यात हालचाल केली की मोकळं वाटतं आणि तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागतं. रॅब्डोत दुखणं व्यायामाच्या मानाने भलतंच जास्त असतं, स्नायू सुजून टणक होतो, हात वर उचलून केस विंचरता येत नाहीत किंवा संडासात बसून उठता येत नाही. आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते.

तपासा: कठीण सत्रानंतर तीन दिवस लघवीचा रंग बघायचा. गडद पिवळा म्हणजे पाणी कमी पडलंय. तपकिरी म्हणजे आजच, आत्ताच दवाखाना. पण रंग साधा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, सगळ्यांचा बदलतोच असं नाही. सूज आणि अशक्तपणा असेल तर तेवढं पुरे.

दवाखान्यात गेल्यावर "अंग दुखतंय" एवढंच सांगितलं तर गोळी घेऊन परत याल. सांगा: परवा इतका इतका व्यायाम केला, सुट्टीनंतर पहिल्यांदाच, आणि रक्तातलं सीके तपासायचं आहे. सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, स्नायू फुटला की रक्तात वाढणारा पदार्थ. क्रिएटिनिन वेगळं, ते मूत्रपिंडाचं. दोन्ही तपासतात, नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते.

घरी बसून या तीन गोष्टी करू नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर त्याने आणखी भार येतो. सुजलेल्या मांडीला जोरात मालिश करून घेऊ नका. आणि "व्यायामाने आलेलं व्यायामानेच जाईल" म्हणून पुन्हा मैदानावर जाऊ नका.

एकाला झालं तर त्या दिवशी तोच व्यायाम केलेल्या सगळ्यांना फोन करा. आयोवात एक नव्हे, तेरा होते.

## टप्पा ७: दवाखान्यातून परत

सीके उतरल्याचा कागद आणि डॉक्टरांची परवानगी, दोन्ही हातात आल्यावर सुरुवात चालण्याने. मग हलकं पोहणं किंवा सायकल, मग बिनवजनाचे व्यायाम, मग हलकी वजनं. प्रत्येक पायरीवर निदान काही दिवस. मैदानावर परतल्यावर टप्पा ३ मधला चार आठवड्यांचा पूर्ण चढ पुन्हा पहिल्यापासून, जुना खेळाडू असला तरी. संघ तोवर सातव्या फेरीवर गेलेला असेल आणि हा चौथ्या फेरीवर असेल, तर त्याला वेगळ्या वेळेला बोलवा. सगळ्यांच्या बरोबर ठेवला की तो पाचवी मारणारच.

या काळात त्याची लघवी रोज बघायची, स्नायू रोज चाचपायचे. कुठेही जुनं चिन्ह दिसलं की त्या दिवशी सराव बंद आणि सीके पुन्हा. आणि दुसऱ्यांदा झालं, किंवा पहिल्यांदाच फारशा व्यायामाशिवाय झालं, तर गावातल्या दवाखान्यावर न थांबता मोठ्या रुग्णालयात दाखवा. कधीकधी मुळात स्नायूंचा आनुवंशिक आजार असतो आणि तो असा सापडतो.